पिसाळलेला कुत्रा आणि शरीरांतील यादवी

पोटांत चौदा इंजेक्शनें घ्यावीं लागतील, ही धास्ती एके काळीं मुलांना रस्त्यावरील कुत्र्यापासून दूर ठेवण्यास पुरेशी होई. परंतु त्या इंजेक्शनांतील लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे, आणि शरीर स्वतःवरच उलटूं शकतें या सत्याचा एक मोठा पुरावा तिच्या अनुभवांतून मिळाला, हें थोड्याच श्रोत्यांना ठाऊक असेल.

१८८५ सालीं पाश्चर यांनीं पॅरिस येथें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जलसंत्रासाची लस टोंचविली व त्याचे प्राण वांचले. पुढें १९११ सालीं कसौली येथें डेव्हिड सेंपल यांनीं रोगी जनावराच्या मेंदूंतील विष कार्बॉलिक आम्लानें निर्जीव करून स्वस्त लस सिद्ध केली. ती करण्यास मेंढीचा मेंदू सोयीचा ठरला. दक्षिणेंत कुन्नूर व मुंबईंत परळची हाफकिन संस्था येथेंहि अशी लस तयार होऊं लागली.

या लशीनें असंख्य लोकांस मृत्यूच्या दाढेंतून ओढून काढलें. मात्र क्वचित् एखाद्या रोग्याचे पाय कांहीं दिवसांनीं लुळे पडत; कोणी बरे होत, कोणी दगावत. हा दोष कुत्र्याच्या विषाचा, कीं लशीचा? विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञानें तर असें प्रतिपादिलें होतें कीं, शरीर स्वतःच्या घटकांवर शस्त्र धरावयास धजत नाहीं.

या कोड्याचा उलगडा न्यूयॉर्कमध्यें झाला. १९३३ सालीं टॉमस रिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क माकडांना वारंवार टोंचला. त्यांत जलसंत्रासाचें विष मुळींच नव्हतें. तरीहि कांहीं माकडें पांगळीं झालीं. मज्जातंतूंभोंवतीं मायलिन नांवाचें वेष्टन असतें. परक्या मेंदूंतील मायलिनाविरुद्ध उभें केलेलें सैन्य आपल्या घरच्या मायलिनावरहि तुटून पडतें, हा त्याचा अर्थ. १९८७ सालीं थायलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं मिळून लस घेऊन आजारी पडलेल्या माणसांच्या रक्तांतच या यादवीचीं चिन्हें दाखविलीं.

चिलीमध्यें १९५० नंतरच्या दशकांत उंदराच्या नवजात पिलांच्या मेंदूपासून लस काढण्यांत आली. कारण त्यांच्या मेंदूंत मायलिन फार थोडें असतें. मागाहून प्रयोगशाळेंतील पेशींवर वाढविलेल्या लशी आल्या, आणि मेंदूची गरजच संपली. परंतु त्या महाग होत्या. म्हणून १९३३ सालीं कळलेला धोका भारतानें २००४ च्या अखेरपर्यंत पत्करला. एका बाजूस निश्चित मृत्यु व दुसऱ्या बाजूस क्वचित् येणारें पांगळेपण, अशी ती निवड होती. आणि ती बहुधा गरिबांच्याच वांट्यास येई.

मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या विकारांचा अभ्यास आजहि रिव्हर्स यांच्या प्रयोगाच्या वाटेनें चालतो. त्या वाटेच्या आरंभीं कुत्र्याच्या दंशावर उपचार घेतां घेतां लुळीं पडलेलीं मुलें व माणसें उभीं आहेत. त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत. त्यांचें ऋण मात्र आहे.