मोडका जबडा आणि तारेचा कारागीर

हात मोडला तर माणूस दुसऱ्या हाताने काम भागवतो. जबडा वाकडा सांधला गेला तर दुसरा आणायचा कोठून? हा नुसता रूपाचा प्रश्न नव्हे, भाकरीचा तुकडा चावता येतो की नाही याचा आहे.

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असून त्याची दोन्ही टोके कानांपुढच्या खोबणीत फिरतात. एका बाजूस तडाखा बसला की पुष्कळदा दुसऱ्या बाजूचे हाडही सांध्याजवळ मोडते, आणि चावण्याचे बळकट स्नायू प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेस ओढतात. हनुवटीला फडके बांधून हे भागत नाही. तुकडे जागी बसले की नाही याचा खरा साक्षीदार एकच : वरचे व खालचे दात पूर्वीसारखे मिळतात काय?

ग्रीकांना हे ठाऊक होते. मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने वा दोऱ्याने एकमेकांस बांधावेत, असे हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत सांगितले आहे. तेराव्या शतकात इटलीच्या सालिचेतोने खालचे दात वरच्या दातांसच बांधण्याची युक्ती लिहिली. ती मागे पडली आणि अमेरिकेत गिल्मरने १८८७ साली पुन्हा प्रचारात आणली. इतकी साधी गोष्ट, आणि मध्ये सहाशे वर्षे गेली!

पण मला सांगायचे आहे ते वराझ्ताद काझांजियन या आर्मेनियन माणसाविषयी. तुर्की साम्राज्यात १८७९ साली जन्मलेला हा मुलगा १८९५ मध्ये अमेरिकेत वुस्टर गावी आला आणि तेथील तारेच्या कारखान्यात मजूर म्हणून लागला. काम करता करता शिकून तो हार्वर्डच्या दंतशाळेत गेला व १९०५ साली पदवीधर झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हार्वर्डच्या पथकाबरोबर तो फ्रान्समध्ये कामिए येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात दाखल झाला. खंदकातला शिपाई डोके वर काढी आणि गोळी जबड्यावर बसे. कातडी घाईने शिवली की व्रण आकसून उरलेले हाडही ओढून घेई. काझांजियन आधी दातांना तार व आधार देऊन हाडाची जागा राखी, कातडीचे काम मागाहून. तारेला पीळ देऊन तो दातावर लहानशी गुंडी करी आणि तिच्यात रबर अडकवून सरकलेला जबडा हळूहळू जागी ओढून आणी. ती गुंडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. तारेची ओळख त्याला कारखान्यात झाली की दंतशाळेत, हे चरित्रकारांनी ठरवावे. माझे मत श्रोत्यांनी ओळखलेच असेल. पुढे वैद्यकाची पदवी घेऊन १९४१ साली तो हार्वर्डचा प्लॅस्टिक सर्जरीचा पहिला प्राध्यापक झाला.

रबराची ओढ उपयोगी पडते ती हाड पक्के जुळण्यापूर्वी. वाकडे जुळल्यावर, फरक थोडा असेल तर दात घासून वा तारांनी सरकवून भागते. मोठा असेल तर हाड पुन्हा कापावे लागते. झुरिकच्या ओब्वेगेसरने ट्राउनरसह १९५७ साली जी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली तीत जबड्याची मागची बाजू तोंडाच्या आतूनच, फळी उभी चिरावी तशी दुपदरी चिरतात आणि पदर एकमेकांवर सरकवतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

१९७० नंतर फ्रान्समध्ये मिशेले व शांपी यांनी धातूच्या बारीक पट्ट्या स्क्रूने हाडावर बसवण्याची रीत रुळवली. त्यापूर्वी चार-सहा आठवडे तोंड बांधलेले, आहार पेज-दुधाचा. मागावरून उडालेला धोटा तोंडावर बसलेल्या विणकराला म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी गेली. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हात, पाय, डोळा, बोटे, इतकेच नव्हे तर अंगठ्याचे पेरसुद्धा टक्क्यांनी मोजलेले होते. जबड्याचे नाव त्यात नव्हते.