पाला पडण्यापूर्वी

१९९०च्या दशकाच्या अखेरीस माझी बदली सिमल्यास झाली, तेव्हा वाट्यास आलेल्या सरकारी बंगल्याबरोबर एक बाग आणि एक वृद्ध माळी, असे दोन्ही ताब्यात आले. बंगला इंग्रजी अमदानीतला, उतरत्या पत्र्याच्या छपराचा. बाग तीन टप्प्यांनी डोंगराच्या उतारावर उतरत गेलेली. सप्टेंबर सरता सरता पाऊस ओसरला आणि एके सकाळी माळी व्हरांड्याच्या पायरीशी येऊन म्हणाले, "साहब, पाला पड़ने से पहले गमले अंदर कर लें?"

मी मराठी माणूस. पाला म्हणजे झाडाची पाने आणि पाला पडणे म्हणजे पानगळ, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी वर पाहिले. देवदार तर बारमाही हिरवे. बान म्हणजे तिकडचा ओक, तोही गच्च पानांनी भरलेला. "अभी तो बहुत समय है," असे मी त्यांना साहेबी थाटात सांगितले. ते काही बोलले नाहीत. सरकारी माळी साहेबांस एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसतो. नोव्हेंबर उजाडला, एक रात्र अतिशय निरभ्र आणि निवांत गेली, आणि सकाळी उघड्यावरच्या चाळीसएक कुंड्यांतील जिरेनियम उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून लोळत होती. हिंदीत पाला म्हणजे गोठलेले दव, ज्याला आपण दहिवर म्हणतो, हे ज्ञान मला त्या सकाळी झाले. बानाची पाने शरदात गळतच नाहीत, ती वसंतात नवी पालवी फुटताना गळतात, हे त्याहूनही उशिरा कळले. म्हणजे माझ्या हिशेबाने ती कुंडी एप्रिलपर्यंत बाहेरच राहिली असती!

घरापासून दूर नोकऱ्या करणाऱ्या माझ्या वाचकांना असे अनुभव नवे नसतील. परंतु या फजितीमुळे मला एक नाद लागला. थंड प्रदेशातील बागेची शरदातली कामे मी त्या माळ्यांकडून शिकू लागलो, आणि ही कामे पूर्वी कोण, कोणासाठी करीत असे, याचा जुन्या पुस्तकांतून शोध घेऊ लागलो.

सिमला ही जॉन लॉरेन्स या व्हाइसरॉयच्या काळात, १८६४ साली, हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. एप्रिलच्या सुमारास सरकार डोंगर चढे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरे. कालका-सिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली. तोवर माणसे टांग्यांतून आणि दप्तरे बैलगाड्यांवर, जनावरांवर व हमालांच्या पाठीवर जात-येत. आता या वेळापत्रकाशेजारी बागेचे वेळापत्रक ठेवून पाहावे. डॅफोडिल आणि नर्गिस यांचे कंद ऑक्टोबरात जमिनीत जातात आणि वसंताच्या आरंभी फुलतात. म्हणजे साहेब आणि मडमा एप्रिलमध्ये वर येत, त्या वेळी बागेत जे काही डोलत असे किंवा नुकतेच ओसरत असे, ते त्यांची पाठ वळत असताना कोणीतरी लावलेले असे. सिमल्याच्या फुलांची वर्णने त्या काळच्या पत्रांत आणि आठवणींत मुबलक आहेत. कंद लावणारा हात त्यांत क्वचितच दिसतो, कारण तो पाहण्यास तेव्हा तेथे फारसे कोणी नसे.

खजिन्याचे वर्षही याच घडणीचे. हिंदुस्थान सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च असे झाले; त्यापूर्वी ते १ मे रोजी सुरू होई. बागेचे वर्ष मात्र पाऊस थांबल्यावर सुरू होते. माझ्या नोकरीतही उन्हाळ्यात पाहुण्यांच्या दौऱ्यापूर्वी फुलझाडांसाठी पैसा निघे, मार्चअखेर खर्च संपवण्यासाठी निघे. पण ऑक्टोबरात चार माणसे पंधरा दिवस लावायची म्हटले की हिशेबनीस लेखाशीर्ष विचारत असे. बिचाऱ्याचा दोष नव्हता. पाने गोळा करणे हे कोणत्या शीर्षाखाली घालावे, हे मलाही सांगता येत नसे.

या कामांत फुलांचा क्रमांक पुष्कळ खालचा आहे, हे मला पहिल्यांदा आश्चर्याचे वाटले. माळी सर्वप्रथम हात घालीत तो नाल्यांना. प्रत्येक टप्प्याच्या मागे दगडी धारभिंत असते, तिला तिकडे डंगा म्हणतात. पावसाळ्यात तिच्यातील पाणी झिरपण्याची भोके माती आणि मुळांनी बुजतात. ती मोकळी केली नाहीत, तर भिंतीमागची माती हिवाळाभर ओली राहते, थंडीत गोठते, फुगते, आणि भिंतीला पोट सुटते. त्यानंतर देवदाराच्या सुया छपराच्या पन्हळींतून काढायच्या. मग डेलिया. दहिवराने त्याचा पसारा काळा पडू द्यायचा, मगच खोड वीतभर ठेवून कापायचे, कंद उकरायचे, सावलीत वाळवायचे आणि कोरड्या मातीत किंवा वाळूत घालून आत ठेवायचे. जिरेनियम मात्र दहिवराची वाट न पाहता काचेच्या व्हरांड्यात. हे दोन नियम परस्परविरुद्ध वाटतात. पण डेलियाचा जीव जमिनीखाली असतो आणि जिरेनियमचा उघड्यावर, एवढे ध्यानी घेतले की पुरते.

गुलाबांच्या बाबतीत माझी दुसरी चूक होता होता टळली. पुण्यात पावसाळा संपला की ऑक्टोबरात गुलाब छाटतात. नाशिककडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी म्हणजे तर वर्षाचा मुख्य सोहळा. त्याच हिशेबाने मी कात्री मागवली. या खेपेस माळ्यांनी (जिरेनियमचा प्रसंग ताजा असल्याने असेल) स्पष्ट नकार दिला. आता छाटले तर झाड फसते, ते म्हणाले. ऊन आहे तोवर कोवळे फुटवे काढते आणि पहिल्या थंडीत ते सगळे जळतात. छाटणी कडाक्याचा हिवाळा सरताना, झाड गाढ झोपेत असताना. आमच्याकडे ऑक्टोबर झाडाला जागे करण्याचा महिना आहे, तिकडे निजवण्याचा.

सिमल्याच्या बागांचा इतिहास वाचताना एका सनदी अधिकाऱ्याशी गाठ पडणे अटळ असते. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना आपण काँग्रेसचे संस्थापक म्हणून ओळखतो. पहिले अधिवेशन पुण्यास व्हायचे होते, तेथे पटकीची साथ आल्याने ते डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण हे गृहस्थ लॉर्ड मेयोने १८७१ साली काढलेल्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव होते. १८७९ मध्ये खाते मोडले आणि त्यांची उचलबांगडी झाली. जाखूच्या टेकडीवरील रॉथनी कॅसल या घरावर आणि तेथील बाग व काचघरांवर त्यांनी पैसा ओतला. त्याच घरात त्यांचा पक्ष्यांचा प्रचंड संग्रह होता. एकदा ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडून कित्येक मण हस्तलिखिते पळवली आणि बाजारात रद्दी म्हणून विकली. शेकडो पक्ष्यांच्या जीवनाची टिपणे त्यांत होती. पुढे मुसळधार पावसात दरड घसरून संग्रहालयाचेही नुकसान झाले. ह्यूम यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. उत्तरायुष्यात ते वनस्पतींकडे वळले आणि १९१० साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापली.

ही कथा नोकराच्या लबाडीची म्हणून सांगतात. मला ती गैरहजर घरमालकाची कथा वाटते. डोंगरावरचे घर वर्षातून काही महिने कुलूपबंद ठेवायचे, पगार तुटपुंजा द्यायचा, आणि परतल्यावर सारे जागच्या जागी सापडावे अशी अपेक्षा करायची, ही त्या राज्यकारभाराची सर्वसाधारण रीत होती.

तिची किंमत केवळ माळ्यांनी मोजली असे नाही. सिमल्याच्या पलीकडे तिबेटच्या रस्त्यावर कोटगढ आहे. त्या पट्ट्यातल्या गावांवर बेगार लादलेली असे. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचे सामान वाहण्यास माणसे द्यायची, मोबदला नाममात्र. दौऱ्यांना सोयीचा काळ कोणता? पाऊस संपलेला, थंडी पडायची, हवा स्वच्छ. आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला एक दिवसही मोकळा नसतो तो काळ नेमका हाच. घासणीवरचे गवत कापून, वाळवून, त्याच्या गंज्या रचल्या नाहीत तर हिमवर्षावात गुरे काय खाणार? या जुलमाविरुद्ध जो मनुष्य उभा राहिला, तो फिलाडेल्फियाचा अमेरिकन. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आला, कोटगढास स्थायिक झाला, तेथल्याच मुलीशी त्याने विवाह केला. त्याच्या नेतृत्वाखालील आंदोलनामुळे १९२१ मध्ये त्या भागातील बेगारीला आळा बसला. त्याच वर्षी असहकार चळवळीत तो तुरुंगात गेला. १९३२ मध्ये त्याने हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने अमेरिकेतून डेलिशस जातीच्या सफरचंदाची रोपे आणली होती. हिमाचलाची आजची सफरचंदाची बागायत त्या रोपांच्या आधारावर उभी राहिली.

आणि इथे पाला शब्दाचा मराठी अर्थ पुन्हा उपयोगी पडतो. १९७७ च्या सुमारास हिमाचलात सफरचंदावर स्कॅब हा बुरशीचा रोग दिसला आणि १९८३ मध्ये त्याची मोठी साथ आली. फळांवर काळे खडबडीत डाग पडले, माल विकण्यालायक राहिला नाही. औषधफवारणी वसंतापासून सुरू होते. पण बुरशी हिवाळा काढते ती शरदात झाडाखाली पडलेल्या पाल्यात. तेथेच तिची बीजे तयार होतात आणि वसंतातल्या पहिल्या पावसांबरोबर कोवळ्या पानांवर उडतात. म्हणून तोडणीनंतर पाने गळण्याच्या बेतास २०० लिटरच्या पिंपात १० किलो युरिया विरघळवून झाडांवर फवारतात. त्यामुळे पाने लवकर कुजतात. उरलेली गोळा करून पुरून टाकायची. झाडाभोवतीचे आळे, तिकडचा गोड शब्द तौलिया, खुरपून स्वच्छ करायचे. कापलेल्या फांद्यांच्या जखमांवर मोरचूद आणि चुन्याचा लेप द्यायचा, जो आपल्या द्राक्ष बागायतदारांनाही परिचित आहे. यांपैकी कशाचीही छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत नाहीत. आणखी एक अडचण अशी की शेजाऱ्याने पाने तशीच ठेवली तर त्याच्या बुरशीला आपल्या बागेचे कुंपण अडवीत नाही. त्यामुळे एकट्याच्या कष्टाने भागत नाही, गावाने मिळून ठरवावे लागते.

माझी बदली झाली तेव्हा कार्यभार सोपवण्याच्या यादीत खुर्च्या, पडदे, सतरंज्या, बागेतील कुदळी आणि झाऱ्या असे सारे छापील रकान्यांतून होते. मी त्यास हाताने लिहिलेले एक पान जोडले : नाल्या आणि डंग्यांची भोके सप्टेंबरअखेर, जिरेनियम पाला पडण्यापूर्वी (येथे पाला म्हणजे दव, पाने नव्हे), डेलिया पाला पडल्यानंतर, गुलाबांना हात लावू नये, वाळकी पाने जाळू नयेत, खालच्या टप्प्यावरील खड्ड्यात टाकावीत. माळ्यांना ते वाचून दाखवले. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली : नाल्यांपुढे "दरसाल" लिहा.

१४ ऑगस्ट २०२३ रोजी समर हिलचा उतार घसरून शिवमंदिर गाडले गेले आणि २० माणसे गेली. त्या दरडीची कारणे ठरवणे हे माझे काम नाही. पण ती बातमी पाहताना, निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही, मला आधी त्या बंगल्यामागची धारभिंत आठवली. पावसाळा सरल्यावर ओळखीच्या एका अधिकाऱ्यास दूरध्वनी केला. बाग बरी आहे, म्हणाले. भिंतीची भोके कोणी साफ केली का, असे विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि पाहून कळवतो म्हणाले. आठवड्याने उत्तर आले : अकरापैकी सात बुजलेली होती, आता मोकळी केली आहेत.