शो (तीन पत्ती)

शो हा तीन पत्ती या पत्त्यांच्या खेळातील डाव संपवणारा टप्पा आहे. डावात दोनच खेळाडू उरले असता त्यांपैकी एक जण ठरावीक रक्कम भरून दोघांची पाने उघडण्याची मागणी करतो, तिला शो म्हणतात. शो मागावा, चाल करावी की पाने टाकावीत, हा या टप्प्यावरील मुख्य निर्णय असतो. पोकरच्या अखेरच्या फेरीत बोली वाढवावी की नाही, हा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे.

नियम

आरंभी प्रत्येक खेळाडू बूट म्हणून ठरलेली रक्कम मध्ये ठेवतो व प्रत्येकाला तीन पाने मिळतात. पाने पाहून खेळणाऱ्याला ब्लाइंड, म्हणजे न पाहता, खेळणाऱ्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. पोकरमध्ये बोलीच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. तीन पत्तीत सर्वसाधारणपणे शो मागितला जाईपर्यंत किंवा एकच खेळाडू उरेपर्यंत चाली सुरू राहतात. दोघांची पाने तुल्यबळ निघाल्यास प्रचलित नियमानुसार शो मागणारा हरतो.

संभाव्यता

५२ पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० संच संभवतात. उतरत्या क्रमाने त्यांची विभागणी अशी :

* ट्रेल : ५२
* प्युअर सिक्वेन्स : ४८
* सिक्वेन्स : ७२०
* कलर : १,०९६
* जोडी : ३,७४४
* सुटी पाने : १६,४४०

जोडी किंवा त्याहून वरचा संच सुमारे २५.६ टक्के वेळाच येतो. त्यामुळे ब्लाइंड प्रतिस्पर्ध्यापुढे साधी जोडीही बलवान ठरते. पाने पाहून अखेरपर्यंत टिकलेल्या प्रतिस्पर्ध्याला मात्र हे प्रमाण लागू पडत नाही, कारण हलकी पाने असलेले खेळाडू बहुधा आधीच बाहेर पडलेले असतात.

चाल की शो

दोघांनीही पाने पाहिली असतील, तर शो आणि किमान चाल यांची किंमत सारखीच असते. चाल केल्यावर प्रतिस्पर्ध्याने शो मागितला, तर त्याचे पैसे तो भरतो आणि बरोबरीचा लाभ चाल करणाऱ्याला मिळतो. त्याने उलट चाल केली, तर मात्र पुन्हा पैसे भरावे लागतात.

यावरून पानांचे तीन वर्ग पडतात. बलवान पानांवर चाल वाढवणे हिताचे असते, कारण दुबळी पाने असलेला प्रतिस्पर्धीही पैसे भरण्याचा संभव असतो. पोकरमधील ढोबळ कसोटी अशी, की वाढीव बोली स्वीकारू शकणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून अधिक हात आपल्याहून दुबळे असावेत. मध्यम पानांना शो योग्य ठरतो. चाल वाढवल्यास दुबळा प्रतिस्पर्धी निघून जातो व बलवान तेवढा उरतो. अगदी हलक्या पानांवर शो मागणे व्यर्थ असते. तेथे पाने टाकणे किंवा हूल देणे एवढेच पर्याय उरतात. मध्ये २०० रुपये असताना ४० रुपयांची चाल करून दिलेली हूल सहांपैकी एकाहून अधिक वेळा यशस्वी झाली, तरच ती फायद्याची ठरते.

कायदेशीर स्थिती

पुण्यासह महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम १३ नुसार केवळ कौशल्याच्या खेळांना सूट मिळते. ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याला प्राधान्य असल्याचे मान्य केले. त्याच निकालात तीन पानांच्या ‘फ्लश’ खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले. पाने नशिबाने मिळत असली, तरी शोपूर्वीच्या निर्णयात अंदाजाला वाव असतो. परंतु तेवढ्यावरून या खेळाला कायद्याची सूट मिळत नाही. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला.