सराय नव्हती, तांडा होता

१८१०-२० च्या इंग्लंडमध्ये टपालाच्या घोडागाड्या सरायांपाशी थांबायच्या. घोडे बदलायचे, प्रवासी जेवायचे. मग आपल्या दारव्ह्याकडे काय होतं?

मी म्हणेन, इथे सरायच चालत होती! वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा, सुमारे ८०० किलोमीटर. नेणारे बंजारे. मुक्काम पडला की गोण्यांचीच भिंत रचायची, आत बायकापोरं, बाहेर राखणीला कुत्री.

१८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ गाडी दारव्ह्यातूनच धावली. लदेणी बैलांचं काम संपलं.

इंग्लंडमधल्या कित्येक सरायांच्या इमारती आजही उभ्या आहेत. तांड्याची मात्र वीटही नाही, उरल्यात त्या आठवणी. म्हणून सांगतो, घरातल्या आजीला बोलतं करा. मोबाइल हातात आहेच, रेकॉर्ड करा!