एका पद्धतीचा प्रवास : जैवमाहितीशास्त्रातील सामायिक सॉफ्टवेअर भांडारे आणि पुणे

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील माण या गावच्या शिवारात हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा वसलेला आहे. तेथील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या दृष्टीने आवृत्ती-नियंत्रण ही नित्याची बाब होय. सोर्स कोडमधील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे आवृत्ती-नियंत्रण. आणि अशा नोंदींसह कोड जेथे जतन केला जातो ते भांडार म्हणजे रिपॉझिटरी. उद्योगक्षेत्रात रुळलेल्या या शिस्तीचे विज्ञानातील महत्त्व काय, हे माणपासून फार दूर नसलेल्या गणेशखिंड येथे जन्मलेल्या एका पद्धतीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

गणेशखिंडीतील आरंभ

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळस्कर (पुढे २००१ ते २००६ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू) आणि प्रसाद टोंगावकर यांनी डिसेंबर १९९० मध्ये ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात तीन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारयंत्रणा ‘ओळखेल’, याचे भाकीत करण्याची पद्धत त्यात मांडली होती. प्रत्येक अमिनो आम्लास एक मूल्य द्यावयाचे, सलग सात अमिनो आम्लांच्या मूल्यांची सरासरी काढावयाची व ती मधल्या आम्लाच्या नावे मांडावयाची, असे तिचे स्वरूप होते. भाकिताची अचूकता सुमारे ७५ टक्के असल्याचे लेखकांनी नमूद केले. पद्धत एकाच घटकावर आधारलेली असल्याने वापरण्यास अत्यंत सोपी होती.

परंतु सोपी पद्धतही हाताने शेकडो प्रथिनांना लावता येत नाही. ती प्रयोगशाळांपर्यंत पोहोचण्यासाठी सॉफ्टवेअरची आणि ते सॉफ्टवेअर इतरांना खुले असण्याची गरज होती.

बंद कोडाकडून खुल्या कोडाकडे

१९८२ पासून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित झालेला ‘जीसीजी’ हा अनुक्रम-विश्लेषणाचा संच त्या काळी सर्वत्र प्रचलित होता. युरोपातील संशोधकांनी त्याला स्वतःच्या प्रोग्रॅमची जोड दिली होती. पुढे जीसीजीच्या ग्रंथालयांवर आधारलेला सोर्स कोड वितरित करणे शक्य राहिले नाही आणि वर्षानुवर्षांचे हे श्रम अडचणीत आले. यातूनच इंग्लंडमधील हिंक्स्टन येथे ‘एम्बॉस’ हा मुक्त परवान्याचा संच आकारास आला. त्याची ओळख करून देणारा लेख २००० मध्ये प्रसिद्ध झाला. या संचातील ‘अँटिजेनिक’ हा प्रोग्रॅम कोळस्कर-टोंगावकर पद्धतीवरच आधारलेला आहे. पद्धतीतील मूल्ये त्यात एका स्वतंत्र विदा-फाइलमध्ये ठेवलेली असल्याने कोणालाही ती उघडून मूळ निबंधाशी ताडून पाहता येतात.

भांडारांची स्थित्यंतरे

एम्बॉसचा कोड सीव्हीएस या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवला जात असे. अ‍ॅमस्टरडॅम येथील डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये या प्रणालीचा पाया घातला होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या ओपन बायोइन्फर्मेटिक्स फाउंडेशनने अशा प्रकल्पांच्या भांडारांना आसरा दिला. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही प्रणाली निर्माण केली. सीव्हीएसमध्ये पूर्ण इतिहास एकाच मध्यवर्ती संगणकावर राहत असे. गिटमध्ये तो भांडाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे पोहोचतो. २००९ मध्ये बायोपायथन, २०१० मध्ये बायोपर्ल आणि २०१७ मध्ये बायोकंडक्टर या प्रकल्पांनी गिटचा स्वीकार केला.

या व्यवस्थेचे सामर्थ्य संस्थांच्या पडझडीत दिसून येते. एम्बॉसला आधार देणारे हिंक्स्टन येथील रोझलिंड फ्रँकलिन केंद्र २००५ मध्ये बंद झाले; संच मात्र जवळच्याच युरोपीय जैवमाहितीशास्त्र संस्थेत वाढत राहिला. त्याची ६.६.० ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्यानंतरही डेबियन व बायोकोंडा यांसारख्या वितरणांतून तो उपलब्ध आहे. याउलट, गूगल कोड ही व्यापारी कंपनीची कोड-साठवणूक सेवा २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा तेथील प्रकल्पांना अन्यत्र स्थलांतर करावे लागले. तात्पर्य, भांडार उघडणे पुरेसे नाही. त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असणे आवश्यक ठरते.

नोंदीचे मोल

‘अँटिजेनिक’ प्रोग्रॅममध्ये निवडावयाच्या तुकड्याची किमान लांबी सहा अमिनो आम्ले अशी गृहीत धरलेली असली, तरी वापरकर्ता ती बदलू शकतो. ती बदलली की उत्तरही बदलू शकते. त्यामुळे ‘कोळस्कर-टोंगावकर पद्धत वापरली’ एवढा उल्लेख शोधप्रबंधात पुरेसा नाही. कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ती आणि कोणते पर्याय वापरले, हे सांगितल्याशिवाय तो निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येत नाही. इतिहासकार जसा हस्तलिखिताचा पाठभेद नोंदवितो, तसेच हे कार्य आहे.

निष्कर्ष

गणेशखिंडीतील तीन पानांचा निबंध तीन दशकांनंतरही वापरात राहिला. त्याच्या गुणवत्तेइतकेच श्रेय त्याला खुल्या, नोंदबद्ध आणि अनेक हातांनी सांभाळलेल्या कोडात मिळालेल्या स्थानाला आहे. शोधनिबंध ग्रंथालयात टिकतो. त्यामागील कोड विद्यार्थ्याच्या संगणकावरच राहिला, तर पदवीबरोबर तोही निघून जातो. महाविद्यालयांनी प्रबंधासोबत कोडाचे भांडार, त्याचा परवाना, आवृत्ती-क्रमांक आणि वापराची माहिती जमा करून घेण्याचा नियम केल्यास ही हानी टळू शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर सातत्याची गरज आहे. आणि त्यासाठी लागणारे कौशल्य माण-हिंजवडीच्या परिसरात अगदी जवळ उपलब्ध आहे.