उल्हास खोरे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताकडे आली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनेकडे वळलेले. समाजशास्त्राच्या उच्च अध्ययनासाठी विद्यापीठाच्या खर्चाने एक विद्यार्थी इंग्लंडला पाठवायचा होता. ही शिष्यवृत्ती मिळाली ती मालवणात जन्मलेल्या, संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना. त्यांनी गेडिस यांच्यासाठी लिहिलेल्या निबंधाचा विषय होता 'नागरी केंद्र म्हणून मुंबई'. ज्या शहरात आपण राहतो ते शहरच अभ्यासाचा प्रश्न होऊ शकते, एवढेच नव्हे तर त्या प्रश्नाच्या बळावर परदेशी शिक्षणाचा खर्चही मिळू शकतो, असे दाखवणारा आपल्याकडचा हा एक ठळक प्रसंग आहे.

संशोधनवृत्तीच्या अर्जाकडे आपण सहसा पैशाची मागणी म्हणून पाहतो. तो त्याहून मोठा असतो. अमुक एक प्रश्न विद्येच्या दरबारात विचारण्याजोगा आहे, हे मान्य करून घेण्याची ती मागणी असते. म्हणूनच अशा अर्जांच्या इतिहासात कोणाला पैसे मिळाले याइतकेच कोणता प्रश्न नाकारला गेला हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रात या इतिहासाचा आरंभ दक्षिणेपासून करता येतो. पेशवाईत पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने तो निधी बंद न करता त्यातला काही भाग विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ साली लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतून मराठी ग्रंथकारांनाही उत्तेजन द्यावे. सनातन्यांचा विरोध इतका तीव्र होता, की अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले यांनी महार, मांग, रामोशी समाजांतील माणसे जमवल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. मागणी अंशतः मान्य झाली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी आली. पुढे १८५५ साली त्याच फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक त्या कमिटीकडे पाठवले, तेव्हा ते नाकारले गेले. निधीचे दार उघडले होते. कोणत्या प्रश्नाला आत घ्यायचे हे मात्र आतली मंडळीच ठरवत होती.

याच निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १९२६ साली पदवी मिळवल्यावर इरावती कर्वे मुंबईला घुर्यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या त्या दक्षिणा फेलोशिपवरच. पेशव्यांच्या काळात शास्त्र्यांसाठी असलेले द्रव्य एका शतकानंतर एका स्त्रीच्या समाजशास्त्रीय संशोधनाला लाभावे, हे स्थित्यंतर लहान नाही. ते मागणाऱ्यांच्या रेट्याने झाले.

घुर्यांच्या वाट्याला मात्र एक वेगळाच पेच आला. निवड झाली ती शहरावरच्या निबंधामुळे. केंब्रिजला मार्गदर्शक लाभले ते रिव्हर्स, आणि रिव्हर्स यांच्या निधनानंतर हॅडन. दोघेही मानवशास्त्रज्ञ. घुर्यांचा गाजलेला ग्रंथ १९३२ साली निघाला तो जात आणि वंश या विषयावर. नगरांवरचे त्यांचे पुस्तक यायला १९६२ साल उजाडले. ज्या विद्यापीठात आपण जातो तिथली परंपरा आपल्या प्रश्नाला हलकेच आपल्या वळणावर नेते, हे अर्जदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गेडिस यांची अभ्यासपद्धती भूगोलाला फार जवळची होती. स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टींचा परस्परसंबंध ते तपासत, आणि त्यासाठी डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा एक छेद घेत. ही पद्धत लावून पाहायला उल्हास नदीसारखे खोरे शोधून सापडणार नाही. खंडाळ्याच्या घाटमाथ्याजवळ उगम पावून ती कर्जत, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. तिला मिळणाऱ्या वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे. त्याच गावात विसाव्या शतकात विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी आली. शेजारी, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित उतरवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. नदीचे नाव मिळालेल्या या नगरात आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतात. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ साली १ लाख ७४ हजारांवर गेली. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, तेव्हा हे नवे नगर कोणत्या पाण्याच्या शेजारी वाढते आहे याची साऱ्या देशाला जाणीव झाली.

छावणीचे शहर कसे होते? अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी एका शहरापुरता वेगळा कायदा २००६ साली का करावा लागतो? रोज पहाटे मुंबईची लोकल पकडणारा माणूस आपले गाव कोणते म्हणतो? मानवी भूगोलाचे हे अस्सल प्रश्न आहेत. यू. टी. ठाकूर यांचा सिंधी संस्कृतीवरील ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९५९ सालीच प्रसिद्ध केला होता; म्हणजे निर्वासितांच्या जगाकडे विद्यापीठाचे लक्ष मुळीच नव्हते असे नाही.

आज असा प्रश्न घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यापुढे वाटा आहेत. भूगोल विषयात नेट देऊन कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळवता येते. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. नेदरलँड्स किंवा स्वीडनसारख्या देशांत तर पीएच.डी.चा विद्यार्थी पगारी कर्मचारीच असतो. पण तेथील जाहिरातीत पुष्कळदा प्रकल्पाचा विषय आधीच ठरलेला असतो आणि अर्जदाराला त्यात आपले उल्हासनगर बसवावे लागते.

याहून गंभीर गोष्ट घरची आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्या केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपची नियमावली २०२२ साली बदलली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिने योजनेबाहेर काढले. असे विषय भारतातच शिकता येतात, असे त्याचे समर्थन करण्यात आले. पण या न्यायाने वालधुनीकाठच्या वस्तीतील मुलाला परदेशात जाऊन लंडनवर प्रबंध लिहिता येईल, वालधुनीवर नाही. एकोणीसशे एकोणीस साली वसाहतीच्या विद्यापीठाने मालवणच्या तरुणाला मुंबईवर लिहायला लावून विलायतेला पाठवले होते. स्वतंत्र देशाच्या योजनेने त्याहून संकुचित व्हावे, हे खटकते.

घरचा प्रश्न बाहेर नेण्याचे कारण केवळ पैसा नव्हे. फाळणीनंतरच्या छावण्यांची इतरत्र काय गत झाली, नदीकाठची उपनगरे दुसरीकडे कशी वाढली, हे शेजारी ठेवून पाहिल्यावाचून उल्हासनगरचे वेगळेपण उमगत नाही. आणि ते पाहण्याची संधी ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांनाच राहिली, तर खोऱ्याचे वर्णन करण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच जाईल.

१८४९ च्या अर्जदारांनी निधीबरोबर निधीचे नियमही मागितले होते. आजच्या अर्जदाराने आपला आराखडा चोख लिहावाच. पण त्याच्या मार्गदर्शकांनी, विभागांनी आणि आपण वाचकांनी त्या नियमाविरुद्ध दुसरा अर्ज लिहिण्याची वेळ आली आहे. दक्षिणेचा इतिहास सांगतो, की असे अर्ज नेहमीच फुकट जात नाहीत.