किरणोत्सर्गाचे आरोग्यावरील परिणाम (शहापूर-मुरबाड)

आयनकारी प्रारणांमुळे पेशींतील डीएनएची साखळी तुटून होणारी शारीरिक हानी. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांचा काळा बेसाल्ट खडक युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब असल्याने येथील जमिनीतून येणारी मात्रा कमीच; निसर्गाकडून माणसाला वर्षाला मिळणारी जागतिक सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून चालू असून 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते याच जिल्ह्यात मोडत असे. तरी या तालुक्यांतील माणसाची प्रारणाशी खरी गाठ पडते ती दवाखान्यात. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा 0.1 मिलिसिव्हर्टहून सहसा जास्त नसते. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्र 10 च्या आसपास जाते. एक्स-रेची मात्रा इतकी कमी असल्याने त्याला घाबरून क्षयाचे निदान लांबवणे अधिक घातक. गरोदर बाईने मात्र दिवस गेल्याचे आधीच सांगावे.

मोठी मात्रा एकदम मिळाल्यास उलट्या होतात, पांढऱ्या पेशी घटतात, केस गळतात. उपचार न मिळाल्यास सुमारे 4 ग्रे (शोषलेल्या मात्रेचे एकक) मात्रेने निम्मी माणसे दगावतात. कर्करोगाचा धोका वर्षानुवर्षांनी दिसतो.

हीच प्रारणे कर्करोगावर उपचारही ठरतात. आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून परळच्या टाटा रुग्णालयात (स्थापना 1941) जाणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचारात गालाची कातडी काळवंडणे, तोंड येणे, लाळ आटणे सोसावे लागते. भाकरी गिळवत नाही. पेज, ताक, मऊ भात चालतो. त्रास वाढला तरी डॉक्टरांना न विचारता उपचार अर्धवट सोडू नयेत.